सुरीची खाच

पिवळा, बटणापेक्षा थोडा मोठा, कोटाच्या कॉलरवर चिकटवलेला कागदाचा गोल... त्याची एक कड सुटली होती आणि तटावरच्या वाऱ्यात फडफडत सोलांजच्या हनुवटीला लागत होती. पर्यटकांची खूण. ती तिला लावली होती तिच्या सख्ख्या भावानं, रेजिसनं, सकाळी रोमन कमानीपाशी, बाकीच्या पाहुण्यांना लावली तशीच, आणि वर म्हणाला होता, "असू दे गं, आपलं कोण, परकं कोण, माझा गोंधळ होतो." गोंधळ म्हणे. फ्रान्समधल्या ज्या लांग्र गावात ती जन्मली, ज्या कमानीच्या बुजवलेल्या दारावर तिनं लहानपणी चेंडू आपटला, तिथं ती आता पाहुणी; आणि हा गाइडची टोपी घालून तिला तिचंच गाव दाखवणार. काढून फेकावा तो गोल... पण राहू दे. नाही म्हणताना झटकायला काहीतरी हवं.

नाही म्हणायलाच ती आली होती. आई जाऊन तीन वर्षं झाली. तटाला पाठ लावून उभं असलेलं तिचं घर दोघांच्या नावावर. आणि रेजिसला त्या घराचं स्वयंपाकघर कायमचं लोकांना दाखवायचं होतं. कमान, तट, कॅथीड्रल आणि शेवटी 'मध्ययुगातलं घर'. सोलांजच्या होकाराशिवाय त्याचं काही चालणार नव्हतं. फोनवर म्हणाला, एकदा येऊन बघ तरी, मग काय ते सांग. बघ म्हणे. जिनं त्या स्वयंपाकघरात जन्म काढला तिला... नाही, जन्म आईनं काढला, मी बालपण काढलं, आणि हा खिडकीत बसून चीजची साल कुरतडत होता.

रेजिस बोलत होता. बोलणाऱ्याची माती विकली जाते म्हणतात. हा तर दगड विकत होता. तटावर त्यानं वेढे रंगवले, कॅथीड्रलमध्ये बिशप उभे केले, लोक माना डोलवत होते, आणि सोलांज सगळ्यांच्या मागून, ओठ आवळून, आईचं दार कधी येतं त्याची वाट बघत चालत होती. दार आलं. आत आईच्या टेबलाभोवती दोरी बांधलेली होती. आईच्या टेबलाला दोरी. आणि चुलीशेजारी तो दगड, रोमन भिंतीतून कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी उचलून या घरात बसवलेला, त्यावर दोन अर्धी अक्षरं, आणि अक्षरांखाली तिरकी, खोल, गुळगुळीत खाच.

"मोहिमेवर निघण्याआधी," रेजिस आवाज खाली आणून म्हणाला, "सरदार इथं येऊन तलवारीला धार लावत."

एका बाईनं खाचेत बोट घातलं आणि डोळे मिटले.

सोलांजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तलवार? आई नोजाँची, सुऱ्यांच्या गावची, सुऱ्या करणाऱ्याची लेक. माहेरून आणलेली काळ्या मुठीची सुरी रोज दुपारी ह्याच दगडावर घासायची, खर्र... खर्र... आणि मग मागे न बघता सोलांजच्या हातात द्यायची. "बारीक चीर." संपलं. त्या घरात तिच्या वाट्याला आलेलं बोलणं एवढंच. गाजरं, कांद्याच्या पातीसारख्या लीकच्या जाड कांड्या, नळाचं बर्फासारखं पाणी, आणि बोट कापलं तर, "तोंडात घाल."

"ती खाच आमच्या आईच्या सुरीची आहे," सोलांज म्हणाली, ठरवलं होतं त्यापेक्षा मोठ्यानं. "सूपची भाजी चिरायची सुरी. तलवार कसली नि सरदार कसले."

त्या बाईनं चटका बसल्यासारखं बोट काढून घेतलं. रेजिस मात्र हसला. "ही माझी थोरली बहीण. आमच्या घराला बाहेरच्या वेढ्याची भीती कधीच नव्हती." सगळे हसले, आणि हसत हसतच बाहेर पडले. तिचं खरं त्या हसण्यात कुठल्या कुठे वाहून गेलं.

लोक गेल्यावर त्यानं टोपी काढली. "झालं समाधान?"

"खोटारडा आहेस तू. मेलेल्या बाईची सुरीसुद्धा सोडली नाहीस."

"खोटं मी नाही सांगत. आईनंच सांगितलेलं आहे ते." तो दोरीवरून पाय टाकून टेबलावर टेकला. "धार लावता लावता सांगायची. कोण सरदार आला, काय बोलला, घोडा कुठं बांधला. एक मोडक्या तलवारीवाला होता, रोज धार लावायला यायचा आणि निघायचाच नाही. तू होतीस की इथंच."

होते. नळ सुटलेला, पाठ त्यांच्याकडे. खर्र खर्रच्या खालून आईचं काहीतरी पुटपुटणं यायचं, आणि सोलांजला वाटायचं आई देवाचं म्हणते आहे. मध्ये बोलू नये म्हणून ती गप्प राहायची. म्हणजे एकाच दगडावरून आईनं ह्याला गोष्ट दिली आणि मला सुरी. आणि मी मूर्ख, ती सुरी दिजाँला माझ्या घरी घेऊन गेले, जपली, वारसा म्हणून मुलींना दाखवली...

"मग? हो की नाही, एकदाचं सांगून टाक."

"तो मोडक्या तलवारीवाला," तिचा आवाज तिलाच लहान मुलीचा वाटला, आणि त्याचाही तिला राग आला, "शेवटी गेला का?"

रेजिसनं डोकं खाजवलं. "कोण जाणे. खिडकीत ऊन यायचं, मला झोप लागायची."

झोप लागायची. गोष्ट ज्याला मिळाली तो झोपला. ह्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि आईच्या, आणि स्वतःच्या... पण थांब. पुटपुटणं तर थांबायचं नाही. सुरी हातात पडेपर्यंत चालायचं ते, रोज, अगदी शेवटपर्यंत. हा झोपल्यावर आई कुणाला सांगत होती? जागी तर फक्त मी होते.

तिनं दगडाकडे पाठ केली, तेव्हासारखीच, नळ सोडला, आणि लगेच बंद केला.

"सोलांज, हो की..."

"गप्प बस जरा," ती म्हणाली.