मोगरीवर लिहिलेलं गोड पत्र

मित्रांनो, जरा लांब उभे राहा. मी एक जुनी मोगरी आहे; कपडे धोपटायची, लाकडाची. मारणं एवढंच मला येतं, आणि या वयात माझा तोल जातो.

माझा जन्मच मारामारीतला. बोदलकसा गावच्या कवडू सुताराने धावड्याचा ओंडका कुऱ्हाडीने फोडला, वाकसाने सोलला, रंध्याने घासला. एवढा छळ झाल्यावर माझ्यावरून प्रेमाने हात फिरवत तो म्हणाला, "मस्त झाली!" तेव्हापासून कोणी गोड बोललं की मला कुऱ्हाड आठवते.

शांतीबाईच्या घरी आले आणि कामाला लागले. सकाळी जलाशयाच्या काठी दगडावर कपडे बडवायचे. कितीतरी शर्टांची बटनं माझ्याखाली शहीद झाली. दुपारी तिचा नवरा सुकराम जाळ्यातली मरळ आणायचा. तिच्या डोक्यात माझा एक घाव. पावसाळ्यात न्हाणीत नाग निघाला. त्याचा फणा मी असा चेचला की सुकराम त्या दिवशी जेवला नाही. उरलेल्या वेळात मी कुशलच्या मागे असायची.

कुशल हा त्यांचा मुलगा. शांतीबाई मला उगारून त्याच्यामागे धावायची. पण नेम तिचा कधी लागला नाही. माझ्यामुळे घड्याळ फुटलं, शेजाऱ्याची सायकल वाकली, सुकरामचा गुडघा सुजला. कुशलला ओरखडाही नाही. पळून पळून तो असा तयार झाला की सैन्याच्या भरतीत सगळ्यांच्या पुढे धावत आला. गावाने त्याला हार घातले. मला कोणी साधं कुंकूही लावलं नाही.

ट्रेनिंग सेंटर लांब होतं. तिथे फोन जमा करून घेतले होते, म्हणून पत्रं. पहिल्याच पत्रात पोरगा खचलेला: "माय, पाय सोलले. नाकातून रक्त आलं. मी वापस येऊन राहिलो."

घरात टेबल नव्हतं. शांतीबाई धुण्याच्या दगडावर बसली, मला मांडीवर आडवं घेतलं आणि माझ्या पाठीवर कागद पसरून लिहिलं:

"कुशल्या, काऊन रडून राहिला बे? नाकातून रक्त आलं त नाक पूस. वापस आला त बसस्टॉपवरच तुये टोंगळे फोडीन, मंग रांगत जाजो देशसेवेले. मोगरीले तेल लावून ठेवलं आहे. वरण जास्त खाजो. तुयी माय."

गुडघे वाचवायला पोरगा थांबला. मग दर आठवड्याला एक धमकी जाऊ लागली. त्याचं उत्तर आलं: "माय, तुयं पत्र अख्खी बॅरेक आयकते. मी हिंदीत सांगतो. बिहारचा एक पोट्टा म्हणते, 'मेरी माँ तो सिर्फ आशीर्वाद भेजती है,' आन रडते."

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात रुची आली. ही कुशलची मोठी बहीण. कुडव्याला राहून गोंदियात शिकायची. तिने माझ्या पाठीवरचं अर्धं पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"माय, हे का लिहून राहिली? दात पाडीन? पोरगा तिकडं थकून मरून राहिला. त्याले प्रोत्साहन द्यावं लागते!"

"मंग हे प्रोत्साहन नाही त का होय?" शांतीबाई म्हणाली.

रुचीने सांगितलं, शांतीबाईने लिहिलं: "प्रिय कुशल, तू आमचा अभिमान आहेस. प्रकृतीला जप. माझं काही चुकलं असेल तर माफ कर. तुझी खूप आठवण येते. तुझीच, आई."

कागद माझ्या पाठीवर होता, आणि मला कवडू सुताराची कुऱ्हाड दिसत होती.

मित्रांनो, त्या घरात माफी फक्त मरताना मागतात. कुशलच्या आजोबांनी ती आयुष्यात एकदाच मागितली आणि संध्याकाळी ते गेले. 'माफ कर' वाचून कुशलला खात्री पटली, माय चालली. रजा मागायचंही त्याला सुचलं नाही. तो सेंटरच्या कुंपणाच्या काटेरी तारेवर चढला. तारेने दंडाचं मांस फाडलं. त्यावर टॉवेल गुंडाळून तो रेल्वेत बसला.

"माय गेली वो!" असा हंबरडा फोडतच तो गल्लीत शिरला. रक्ताने माखलेला, डोकं भादरलेला पोरगा पाहून बाया रडू लागल्या. शेजारच्या नंदलालने लगेच तिरडीसाठी बांबू तोडला. अशा कामात तो फार तत्पर. आम्ही काठावर धुणं धूत होतो. कोणीतरी ओरडून सांगितलं, तुमच्या घरी कोणीतरी गेलं. शांतीबाई मला हातात धरून रडत धावली, गर्दीत शिरली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "कोण मेलं वो?"

नंदलालने बांबू पाठीमागे लपवला.

"तू," कुशल म्हणाला.

शांतीबाईने त्याचा दंड पाहिला. "सुट्टी भेटली?"

"नाही. पळून आलो."

सुकराम मोटारसायकलची किल्ली शोधू लागला. "भगोडा म्हणून नाव टाकतीन न बे! ट्रेनिंगची शेवटची परेड तोंडावर आली आन... आजच्या गाडीनं नाही गेला त गेली नोकरी!"

शांतीबाईने मला उगारलं. गल्ली मोकळी झाली. पण कुशल पळाला नाही. जन्मात पहिल्यांदा तो माझ्यासमोर उभा राहिला.

"मार, माय. पण पहिले सांग, तू बरी आहेस न?"

मी खाली आले. नागाच्या डोक्यातही असा घाव मी घातला नव्हता. दारातला रांजण फुटला, खापऱ्या उडाल्या, एक नंदलालच्या कपाळात घुसली. हातभर अंतरावर, न हलता उभ्या असलेल्या पोराला ओरखडाही नाही.

"हटला काऊन नाही बे?" शांतीबाई ओरडली. "लागलं असतं न!"

तिने त्याचा दंड धुतला, हळद दाबून भरली. तो किंचाळला तेव्हा एक थापड दिली. ती मात्र बरोबर बसली. सुकरामने मोटारसायकल काढेपर्यंत तिने माझ्या पाठीवर घाईने चिठ्ठी लिहिली आणि त्याच्या खिशात कोंबली: "आता पळाला त तुले रांजण समजीन."

सेंटरमध्ये त्याला माफी मिळाली नाही. मैदानावर टोंगळे फुटेपर्यंत रांगवलं. मायचा शब्द असा सरकारने पाळला. पण नाव राहिलं.

परेडला शांतीबाई मला पिशवीत घालून घेऊन गेली. गेटवरच्या जवानाने मला बाहेर काढलं, उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाला, "माताजी, हथियार अंदर नहीं जाएगा." मित्रांनो, इतका मोठा मान मला कोणी दिला नव्हता. मी बाहेर भिंतीला टेकून बँड ऐकला.

आता रुचीने कपडे धुवायचं मशीन आणलंय. मी त्याच्यामागे पडून असते, उधई, म्हणजे वाळवी, माझी मूठ पोखरते. कुशल सीमेवर आहे. पत्राचा दिवस आला की शांतीबाई मला ओढून काढते, पुसते, मांडीवर घेते. तुमच्याकडे अशी कोणी जुनी असेल तर तिला चुलीत घालू नका; वर्षाकाठी थोडं तेल लावा. आणि दूर असलेल्या आपल्या माणसाला अचानक गोड लिहू नका. आधी दोन शिव्या घाला, म्हणजे त्याला कळेल की घरी सगळे जिवंत आहेत.