शनिवारी येणारे सगळे वार

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास वृद्धनिवासाच्या मोठ्या खोलीत अठ्ठावीस खुर्च्या मांडल्या जात आणि आंघोळी उरकलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांत आणून बसवलं जाई. समोर घड्याळाखाली चौकटीत एका बाईचा परवाना लावलेला होता. ज्येष्ठांचे उपक्रम घेणारी प्रशिक्षित व्यक्ती निवासात हवी, तिने रोज तासभर स्वतः उपक्रम घ्यावा, प्रत्येकाला आधी विचारावं, आजाऱ्याला बसवू नये, असा नियम होता. नियम चांगला होता. परवान्यावरची बाई मात्र कुणी कधी पाहिली नव्हती.

"ती भिंतीवरच राहते," निवृत्त शिंपी आजोबा म्हणत. "अंथरूण नको, पांघरूण नको. सुखी आहे बिचारी."

बाईच्या जागी असे ती आयाबाई. तिच्याकडे एक पिशवी होती. पिशवीत सहा वारांच्या सहा पाट्या, सहा रंगांच्या शाली, फुगे, चेंडू, ब्रश. 'सोमवार'ची पाटी टेबलावर, निळ्या शाली खांद्यांवर, हातांत ब्रश. हसा. झाला फोटो. मग 'मंगळवार', पिवळ्या शाली, चेंडू. पाऊण तासात आठवडा संपे.

कोपऱ्यातल्या खुर्चीत माझी आई बसे. तीस वर्षं तिने छापखान्यात मुद्रितं तपासली होती. चूक दिसली की तिला गप्प राहवत नसे.

"अगं, आज शनिवार. पाटी चुकलीय तुझी."

"हो आजी, उद्या बदलते. जरा इकडे बघा."

"उद्या रविवार. त्याची पाटी कुठाय?"

"रविवारी आपल्याला सुट्टी," शिंपी आजोबा सांगत. "रविवारी खरी माणसं बघायला येतात, फोटो कशाला लागतोय?"

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला कळत होता तो फक्त रोज दुपारी बाराला घरच्या ग्रुपवर येणारा फोटो. 'आज आईंनी चित्रकलेत रमून भाग घेतला.' मी ऑफिसात डबा उघडता उघडता लाल बदाम पाठवत असे. दादा लिही, 'आपल्यापेक्षा मजेत आहे.' वहिनी लिही, 'निळा रंग छान दिसतो त्यांना.' मग आम्ही जेवायला मोकळे.

एका रविवारी आईने माझं मनगट घट्ट धरलं. "ऐक. इथे सगळे वार शनिवारीच येतात."

मी दादाकडे पाहिलं. दादाने खाली पाहिलं. बाहेर व्यवस्थापक हळू आवाजात म्हणाले, "वेळेचं भान सुटत चाललंय, ताई. चिडचिडही वाढलीय. डॉक्टर म्हणतात, हलकीशी गोळी सुरू करू. संमती तेवढी द्या."

मी दिली. माझ्या घरात भिंतभर पुस्तकं आहेत. वाक्य विचित्र वाटलं तर ते पुन्हा वाचावं, एवढं मला आईनेच शिकवलं होतं. मी तिला साधं 'म्हणजे काय गं?' असंही विचारलं नाही.

गोळीनंतर आईने चुका काढणं थांबवलं. 'किती शांत दिसतात आता,' वहिनीने लिहिलं.

शेवटच्या शनिवारी आई तापाने फणफणली होती. आयाबाई म्हणाली, "साहेब, आजींना आज राहू द्या."

"त्यांना काय पळायचंय? बसायचंच तर आहे. सहा फोटो होऊ देत, मग झोपव." शिवाय व्यवस्थापकांनी तिच्या अंगातला स्वेटर काढायला सांगितला, कारण सहाही दिवस तोच स्वेटर दिसला असता.

त्या रविवारी माझ्याकडे पाहुणे होते, म्हणून मी गेले नाही. सोमवारी बाराला फोटो आला. निळी शाल, हातात ब्रश. मी बदाम पाठवला. त्या वेळी आई आतल्या खाटेवर धापा टाकत होती.

मंगळवारी सकाळी फोन आला. "पहाटे गेल्या. झोपेतच, अगदी शांतपणे."

अंत्यसंस्कार आटोपून आम्ही गाडीत बसत होतो. बारा वाजले आणि आमचे तिघांचे फोन एकदम वाजले. पिवळी शाल. मांडीवर चेंडू, मान एका बाजूला कललेली. 'आज आईंनी चेंडूच्या खेळात उत्साहाने भाग घेतला.' परदेशातल्या मामेभावाला बातमी पोचायची होती. त्याने खाली टाळ्या टाकल्या.

मला किळस आली. त्या लोकांची आली, आणि हातातल्या फोनचीही. कारण सहज मागे सरकवलं, तर वर माझे बदामच बदाम होते.

शनिवारी आम्ही आईचं सामान आणायला गेलो. कोठीच्या खोलीत आयाबाईने पिशवी माझ्यापुढे उपडी केली आणि सगळं सांगितलं. "मी नाही म्हणाले असते तर दुसरी आणली असती," ती म्हणाली. मग लगेच, "तरी म्हणायला हवं होतं."

व्यवस्थापकांनी एक छापील कागद पुढे केला. परवान्याच्या नूतनीकरणासाठी नातेवाइकांचा अभिप्राय. 'उपक्रम रोज होतात' यापुढे खूण आधीच केलेली होती.

"फोटोची चूक झाली, मान्य," ते म्हणाले. "पण तुम्ही तक्रार केलीत तर हे बंद पडेल. मग ही सत्तावीस माणसं कुठे जातील? तुम्हीच सांगा. त्यांची मुलं नेणार आहेत का घरी?"

मी कागद हातात घेतला.

दादाने मला बाजूला घेतलं. "सही कर ना, बाई. आई काय परत येणारे? आणि माझ्या सासूबाईंसाठी पुढच्या महिन्यापासून तीच खोली सांगून ठेवलीय."

"तीच?"

"खिडकीची आहे ती," दादा म्हणाला.

आईच्या सामानात तिची तांबडी पेन्सिल होती. मी ती घेतली आणि छापलेल्या खुणेवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: 'आई मंगळवारी पहाटे गेली. मंगळवारी दुपारी तिला चेंडू खेळताना दाखवलं.' जागा उरली होती. तिथे लिहिलं: 'गोळीला संमती मी दिली होती. फोटो आवडल्याचं मी रोज कळवत होते.' मग सही केली आणि कागद पर्समध्ये ठेवला. परवाना देणाऱ्या कचेरीत तो माझ्या हातानेच जायला हवा होता.

बाहेर पडताना मोठ्या खोलीत खुर्च्या भरत होत्या. शिंपी आजोबांनी मला थांबवलं.

"कुठला वार आज?"

"शनिवार."

"ऐकलंस गं?" ते आयाबाईला म्हणाले. "आजींची मुलगी सांगतेय."

व्यवस्थापक दारात उभे होते. आयाबाईने पिशवीतून 'सोमवार' बाहेर काढला, क्षणभर हातात धरला आणि परत आत टाकला. मग रिकाम्या हातांनी ती आजोबांच्या शेजारी, आईच्या खुर्चीत जाऊन बसली.

बारा वाजायला अजून अवकाश होता. सत्तावीस घरांत कुणीतरी फोटोची वाट पाहत होतं.