मला घाईने बसवले

मी एक लोखंडी स्टोव्ह आहे मित्रांनो, आणि मी फार रागावलेलो आहे. स्टोव्ह म्हटल्यावर तुम्हाला रॉकेलचा, पंप मारायचा स्टोव्ह आठवला असेल. तो मी नव्हे. मी आयर्लंडमध्ये, नावन गावातल्या एका घरात, जुन्या शेकोटीच्या कोनाड्यात बसवलेला आहे. जाड लोखंडाचे अंग, पुढे काचेचे दार, पोटात जळणारी लाकडे. उघड्या शेकोटीची बरीचशी ऊब धुराड्यातून वर निघून जाते. मी ती खोलीत राखतो.

कारखान्यात मला साच्यात ओतले, घासले, काळा रंग दिला. दाराला धूर अडवणारी जाड दोरी लावली. मी चांगला बनलो होतो. हे आधीच सांगतो, कारण पुढे सगळे मलाच नावे ठेवणार आहेत.

दुकानात मला शुभदाने निवडले. हातमोजा काढून तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "हा घेऊ या. पण नीट बसवून घ्यायचा हं. धुराड्यात पार वरपर्यंत स्टीलची नळी घालावी लागते." नवरा नरेंद्र डॉक्टर. पुण्यात शिकून इकडे आलेला. त्याने मान डोलावली.

बसवणारा माणूस दिवाळीनंतर येणार होता. नरेंद्रला मी दिवाळीत पेटलेला हवा होता, पाहुणे येणार होते ना! मग स्वोर्ड्स गावाहून त्याचा मित्र अंबरीश ड्रिल घेऊन आला.

"वहिनी, चहा टाका. चहा होईस्तोवर पेटवतो."

"अंबरीश, वरची नळी?"

"एवढं मोठं धुराडं आहे की! त्यातून धूर जाणार नाही तर काय बसने जाणार?"

सगळे हसले. शुभदा नाही हसली. "आधी धुराडं तरी झाडून घ्या," ती म्हणाली.

"अगं, दिवाळी झाली की रीतसर करू," नरेंद्र म्हणाला. "तोवर ग्रँड आहे." ठीक चाललेय म्हणायला इकडे ग्रँड म्हणतात.

नळीचा हातभर तुकडा माझ्या डोक्यावर बसवला, तो धुराड्यात खुपसला आणि भोवतीची फट न्हाणीघराच्या टाइल्स लावून उरलेल्या सिमेंटने लिंपली. माझ्या पहिल्याच तापाने ते सिमेंट तडकले. वर धुराड्यात कावळ्यासारख्या जॅकडॉ पक्ष्यांनी घरट्यासाठी टाकलेल्या काटक्यांचा ढीग होता. कोणी वर पाहिले नाही.

एवढ्यावरही निभावले असते कदाचित. पण बाहेरच्या भिंतीत हवेसाठी एक जाळी असते. आत हवा आली नाही तर माझा धूर वर चढत नाही. गणपतीत त्या भिंतीपुढे मखर होते. मखराचा मखमली पडदा जाळीवरून चिकटपट्टीने लावलेला होता, तो कोणी काढलाच नाही. छान दिसतो, गार वारा थांबतो! आणि विषारी वायू ओळखून ओरडणारी ती भिंतीवरची छोटी पांढरी पेटी? आरतीला धुपाटण्यात निखारे ठेवले की ती किंचाळायची. निखाऱ्यांतून तोच वायू निघतो, ती खरे तेच ओरडत होती. नरेंद्रने बॅटरी काढून तिला प्रेसमध्ये टाकले. प्रेस म्हणजे इकडे कपाट. भर आरतीत बेसूर नको म्हणून!

"पेटी परत लाव रे," शुभदा म्हणायची.

"लावतो."

दिवाळी झाली, नाताळ झाला. सगळे माझ्यासमोर पाय शेकत माझी तारीफ करायचे. मला ती तारीफ नको होती. मला नळी हवी होती.

जानेवारीतला रविवार. अंबरीश जेवायला आला होता. श्रीखंड-पुरीचा बेत. जेवणे होताहोताच सगळ्यांची डोकी जड झाली.

"श्रीखंड चढलं," अंबरीश कपाळ चोळत म्हणाला.

"पुऱ्या मोजल्यास का तू? डोकं नाही, पोट दुखायला हवं तुझं," नरेंद्र म्हणाला.

त्यांच्या लेकीचे नाव पूर्वी. ती म्हणाली, "आय हॅव अ सोअर हेड, आई."

एकाच खोलीत सगळ्यांची डोकी दुखतात, आणि डॉक्टर पुऱ्यांवर विनोद करतो! मी ओरडलो असतो मित्रांनो, पण मला आवाज नाही. आवाज जिला होता ती प्रेसमध्ये पडली होती.

"चला, नदीवर फिरून येऊ," नरेंद्र म्हणाला.

"तुम्ही जा. मी जरा पडते," शुभदा म्हणाली.

ती माझ्यासमोरच्या सोफ्यावर आडवी झाली. नरेंद्रने तिच्या अंगावर शाल घातली. मग लाकडे पुरावीत, तिला ऊब राहावी म्हणून माझी हवेची खिट्टी जवळजवळ बंद केली. प्रेमाने केली. त्याचाच मला जास्त राग येतो.

निखारे धुमसत राहिले. वायूला वर वाट नव्हती, तो फटीतून खोलीत उतरला. त्याला ना रंग, ना वास. ते परत आले तेव्हा शुभदा उठली नाही. पुन्हा कधीच उठली नाही.

लोक भेटायला आले आणि म्हणाले, "स्टोव्हने घात केला." कोणी म्हणाले, नशीब. नशीब कसले? नळी नव्हती. जाळी झाकली होती. पेटीत बॅटरी नव्हती. शुभदा बिचारी सांगत होती आणि हे "करू, करू" म्हणत होते.

आता सगळे झाले आहे. धुराडे झाडले, वरपर्यंत चकचकीत नळी घातली, जाळी उघडी केली. माझ्यात आता काही खोट नाही. पण मला कोणी पेटवत नाही. शाल सोफ्यावर घडी करून ठेवलेली आहे.

दर रविवारी जेवणानंतर नरेंद्र त्या पांढऱ्या पेटीचे बटण दाबतो. ती किंचाळते. सुरुवातीला लेक कान झाकून घ्यायची, आता घेत नाही. पेटी शांत झाल्यावर पूर्वी विचारते, "इज इट वर्किंग, बाबा?"

"हो," तो म्हणतो. आणि तिथेच उभा राहतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर आजच मोठ्यांना विचारा. नळी वरपर्यंत आहे का? जाळी उघडी आहे का? पेटी कुठे आहे? ते "करू" म्हणाले तर तिथून हलू नका. आणि आरतीत पेटी ओरडली तर आरती थांबवा, दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना अंगणात काढा. देव रागावणार नाही.

मी रागावेन.