देव्हाऱ्यातली वही

मित्रांनो, मी एक जुनी, दोनशे पानांची वही आहे. माझ्या पुठ्ठ्यावर हळदीचे डाग आहेत आणि आतली शाई वाहून गेली आहे. हे कोण्या वैऱ्याने केले नाही, म्हणून तर सांगताना जीव तुटतो.

शेंदूरजनाघाटच्या आकांक्षाने मला वरूडच्या दुकानातून घेतले आणि डॉक्टरकी शिकायला जाताना किरगिझस्तानात नेले. तिथले रोगी त्यांच्याच भाषेत दुखणे सांगत. एका म्हातारीने छातीवर हात ठेवून तिला पहिला शब्द दिला, ‘जुरोक’. आकांक्षाने लिहिले: ‘जुरोक म्हणजे काळीज. हिंमतसुद्धा. तुर्की कुळातला फार जुना शब्द. कोणी म्हणतात, चालण्याच्या शब्दातून निघाला. खात्री कोणालाच नाही.’

मग पाने भरत गेली. वर्गातल्या मुली मला मागून नेत. फोनवर तिचे बाबा पंजाबराव थट्टा करीत, “अन् माह्यं काळीज दुखलं तं कोन्या भाषेत सांगू, डाक्टरीनबाई?”

तिसऱ्या वर्षी संत्र्याच्या बागेतच त्यांचे काळीज थांबले. आकांक्षा घरी आली, ती मला मिटूनच. माझे पहिले पान तिला सोसवेना.

सुतक फिटल्यावर तिच्या आईने, सत्यवतीबाईंनी, मला देव्हाऱ्यात ठेवले. विद्या ती, तिची सेवा नको का व्हायला? चाळीस दिवस रोज सकाळी त्यांनी माझ्यावर पाणी शिंपडले, हळदकुंकू वाहिले, ओले फूल ठेवले. त्या माउलीच्या भक्तीत खोट नव्हती. मला मात्र ओरडता येत नव्हते.

आज दुपारच्या गाडीने आकांक्षाला निघायचे आहे. सोमवारी रोग्यांसमोर, त्यांच्याच भाषेत तोंडी परीक्षा. ती चुकली तर कॉलेजातून नाव कमी होईल. तिने मला उघडले. पाने चिकटलेली, शब्द निळ्या डागांत बुडालेले.

“आई, हे काय केलं वं तू? आता मी त्याईच्यासंगं काय बोलू?”

“मले काय मालूम, पोरी! म्या तं देवापाशी ठेवली.” सत्यवतीबाई मला चुलीच्या धगीपुढे धरून फुंकू लागल्या. “एखादा शब्द तरी वाचता येते का, पाह्य ना.”

एकही नाही.

“मी नाई जात मंग,” म्हणून आकांक्षा भिंतीशी बसली.

मग सत्यवतीबाईंनी माझे मागचे एक कोरडे पान सोडवले. “तुले आठवते तेवढं सांग. मी लिवतो. पयला कोनता होता?”

आकांक्षाने छातीवर हात ठेवला. त्या म्हातारीने ठेवला होता तसाच.

मित्रांनो, वहीला नमस्कार जरूर करा. पण रोज एकदा तिला उघडा. गाडीला आता दोनच तास आहेत. सत्यवतीबाईंच्या हळदीच्या बोटांत पेन आहे, आणि त्या वाट पाहत आहेत.