बेलेनच्या भिंतीवरची वेल

माझ्या बायकोची, पुरिंगची, मनीप्लांटची वेल मीच मारली. आजारपणात ती एकच गोष्ट सारखी सांगायची, झाडांना पाणी घालायला विसरू नका. ती गेल्यावर मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिलो. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली, माणसं जेवून गेली, आणि मी पाहिलं तर दुधाच्या पावडरीच्या डब्यात मुळं काळी पडून कुजली होती. ही वेल तिनं लग्नानंतर ताआलहून, आईच्या घरून आणली होती. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन.

एक पान तेवढं हिरवं होतं. ते खुडून मी कॉफीच्या बाटलीत पाण्यात ठेवलं. रोज सकाळी बाटली उजेडात धरून मूळ फुटलंय का बघायचो. सात आठवडे झाले. पान हिरवंगार, मूळ नाही.

शेजारची बेलेन एकदा माशाची आमटी घेऊन आली. तिनं बाटली बघितली आणि हसू दाबलं. मला ती कुया म्हणते, म्हणजे थोरला भाऊ.

"कुया दादो, याला पेर कुठंय? मूळ पेरातून फुटतं. नुसतं पान मरायचं नाही आणि वाढायचंही नाही."

तिच्या भिंतीवर तीच वेल छपरापर्यंत गेली आहे. अकरा वर्षांपूर्वी तिनं ती आमच्या खिडकीतून गुपचूप तोडून नेली होती. पुरिंगनं स्वयंपाकघरातून सगळं पाहिलं होतं. मी चिडलो, तर म्हणाली, नेऊ दे, चोरलेलीच लागते. आमच्या गल्लीत सगळ्या बायका हेच म्हणतात, मागून आणलेली फांदी जगत नाही. मी जन्मभर ट्रायसिकली, त्या मोटरसायकलला जोडलेल्या रिक्षा, दुरुस्त केल्या. मला हे कधी पटलं नाही.

म्हणून मी सरळ म्हणालो, "बेलेन, तुझ्या वेलीची एक फांदी दे."

"नाही देणार," ती म्हणाली आणि निघून गेली.

मला फार लागलं. इतक्या वर्षांचा शेजार, आणि वेल तरी कुणाची? तिची आमटी मी झाकून ठेवली, खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आपल्या दारात उभी राहून कुत्र्याशी मोठ्यानं बोलत होती. मी चर्चला चाललेय, तासभर येणार नाही. कात्री भिंतीवर राहिलीय, राहू दे. आणि पेराच्या खाली कापलं नाही तर काही उपयोग नाही, असं आई म्हणायची.

ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी माझ्या खिडकीशीच उभा राहिलो. मग बादली पालथी घातली आणि वर चढलो. माझं वय अडुसष्ट. कुत्रा एकदा भुंकला, मला ओळखून गप्प बसला. मी तीन फांद्या कापल्या, प्रत्येक पेराच्या खाली. घरी येऊन पानाच्याच बाटलीत ठेवल्या. पान काढावंसं वाटलं नाही.

सकाळी बेलेन भिंतीपलीकडून म्हणाली, "काल चोर आला होता. अडाणी दिसतो. वेल वेडीवाकडी कापलीय."

तिचे आभार मानायचे अगदी ओठांवर आले होते. पण आभार मानले तर फांदी मागून आणल्यासारखी झाली असती.

"पोलिसांत जा मग," मी म्हणालो.

"जाईन. आधी माझं भांडं परत कर."

आमटी आंबली होती. मी ती टाकून दिली, भांडं घासून नेऊन दिलं.

अकराव्या दिवशी एका पेरातून पांढरं मूळ दिसलं, तांदळाच्या कणीएवढं. पुढं तिन्ही फांद्यांना मुळं आली. मी त्या दुधाच्या डब्यात लावल्या, आणि आता बोट घालून माती कोरडी लागली तरच पाणी घालतो. डबा पुरिंग ठेवायची तिथंच ठेवलाय, खिडकीच्या अगदी कडेला. गल्लीतून हात पोचेल इतका.