बर्फातला राजपुत्र

आमच्या कळंबात पोटुशी बाईसमोर गुटगुटीत बाळाचा फोटो लावायची पद्धत आहे. रोज त्याच्याकडं बघायचं, म्हणजे पोटातलं बाळ तसंच निपजतं म्हणे. मी बारामतीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळं माझं मत कुणी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. माहेरी आता कुणी नाही, म्हणून बाळंतपण सासरीच ठरलं आणि सासूबाईंना रान मोकळं मिळालं.

सासूबाई म्हणजे यशोदाबाई. त्या थेट इंदापूरला अल्ताफभाईंच्या फ्रेमच्या दुकानात गेल्या. तिथली रंगीत, हसरी बाळं त्यांना पसंत पडेनात. "ही कुणाचीबी पोरं. राजघराण्यातलं दावा," म्हणाल्या. अल्ताफभाईंनी बरीच शोधाशोध करून कुठल्याशा जुन्या विलायती मासिकातला काळा-पांढरा फोटो काढून दिला. ऐन हिवाळ्यात, गुडघाभर बर्फात उभा असलेला राजपुत्र. केसाळ टोपी, जाड कोट, आणि चेहरा असा की आत्ताच कुणीतरी हातातला लाडू हिसकावून घेतलाय. कुठल्या देशाचा, ते अल्ताफभाईंनाही माहीत नव्हतं.

तो माझ्या पलंगासमोर लागला. बाहेर मे महिना, अंगाची काहिली, आणि समोर हे कुडकुडणारं लेकरू! मला चिंचा, कैऱ्या सोडून बर्फाच्या गोळ्याचे डोहाळे लागले. माझा नवरा श्रीपाद म्हणाला, "त्याला रुमाल तरी दे गं, नाक वाहतंय त्याचं." सासूबाईंनी त्याला खोलीबाहेर काढलं.

आल्यागेल्याला त्या कौतुकानं दाखवायच्या. "बघा, कसा गोरापान हाय! आमची आसावरी रोज बघती त्याला."

इथं माझं डोकं फिरायचं. लोक मला सावळी म्हणतात, पण मी चांगली काळी आहे. माझे बाबाही तसेच होते. मला बघायला आल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोरगी काळी हाय, पण शिकलेली हाय." तो 'पण' मी मुकाट गिळला. माझ्या बाळाच्या वाट्याला तो येऊ नये, एवढीच भीती मला खात होती. तरीही सासूबाईंची पाठ वळली की मी राजपुत्राकडं पाठ करून बाबांचा चेहरा आठवत पडायची. जीवशास्त्र गेलं चुलीत.

जूनमध्ये मुलगी झाली. बाबांचा रंग, बाबांचं बसकं नाक, कपाळाला आठ्या. मला आनंदानं रडू आलं, पण सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी बाळ उचललं. उजेडाकडं धरून त्याचं तोंड निरखत बसल्या.

घरी आल्यावर शेजारच्या कुशाबाई बाळ बघायला आल्या. दुपट्याचं टोक बाजूला करून म्हणाल्या, "यशोदे, तुझा राजपुत्र तर गोरापान हुता की गं. ही तर पार काळी!"

मी तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी बाळ छातीशी धरलं.

"काळ्या-पांढऱ्या फोटूत रंग कुणाला दिसलाय, कुशे? असंल त्योबी काळाच! तोंड बघ की, कसं हुबेहूब हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू शिकलेली हायस. सांग हिला."

राजपुत्र मागच्या बर्फाइतकाच पांढरा होता. मला धडधडीत दिसत होतं.

"व्हय, आई," मी म्हणाले. "काळाच हाय."