राहिलेला पाय

मित्रांनो, माझ्या बुडाला पोचा आहे आणि मला आता कुणी चिंच लावून घासत नाही. मी पितळेचं जुनं घंगाळ. परभणीच्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं, तेव्हा त्याला वाटलं असेल, जाईल कुणाच्या तरी न्हाणीत. मी गेलं चर्चला.

झरीच्या पुढं एका लहान गावात आमची ख्रिस्ती मंडळी आहे. पत्र्याचं चर्च आणि आजूबाजूची थोडी घरं. माझं काम वर्षातून एकदा. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या गुरुवारी चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, कमरेला पंचा बांधतात आणि बारा जणांचे पाय धुतात, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. बघणाऱ्यांचे डोळे भरून येतात. फक्त एक गंमत आहे. हे बाराही जण घरूनच पाय धुऊन येतात. साबण लावून, नखं काढून, कुणी तर टाचांना खोबरेल तेल चोळून. पाळकांपुढं मळका पाय कसा करायचा? त्यामुळं माझ्यातलं पाणी शेवटपर्यंत नितळ राहायचं. त्याबद्दल माझं कौतुकही व्हायचं, आणि मीही फुगायचं.

पहिली खुर्ची कायम चंद्रभानकाकांची. मंडळीचे मोठे पंच. कडक माणूस. मंडळीतल्याच सगुणाबाईचा नवरा दारूनं मेला, तेव्हा "त्याच्या मयतीला कुणी जायचं न्हाई," हे यांनीच बजावलं होतं. बाईनं माहेरची चार माणसं बोलावून माती दिली.

मग काकांना साखरेचा आजार लागला. बायको आधीच गेली होती, मुलं पुण्याला. पायाचं बोट काढावं लागलं आणि जखम चिघळली. दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं, रोज धुवा, न्हाईतर किडे पडतील. पण धुणार कोण? काकांना स्वतःच्या पायापर्यंत वाकता येत नव्हतं.

त्या वर्षी गुरुवारी ते पायाला फडकं गुंडाळून आले आणि आपल्या खुर्चीवर बसले. वास चर्चभर पसरला. एक जण म्हणाला, "काका, तुमी खिडकीपाशी बसा की, हवेशीर हाय तिथं." काका हलले नाहीत. पाळकसाहेब मला घेऊन त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसले. धडधाकट पाय धुतला, पुसला. आणि मला उचलून पुढच्या खुर्चीकडं सरकले.

फडक्यातला पाय तसाच पुढं राहिला.

प्रार्थना झाली, सगळे जेवायला गेले. सगुणाबाई मला उचलायला आली.

"पाळकसाहेब, घंगाळ नेऊ का?"

"कशाला, बाई?"

"एक पाय राहिलाय."

दुसऱ्या दिवसापासून मी रोज काकांच्या ओसरीवर. कडुनिंबाचा पाला टाकून उकळलेलं, मग कोमट केलेलं पाणी. त्या पाण्याचा रंग मी सांगत नाही, तुम्ही जेवलेले असाल. सगुणाबाई काही मऊ बोलायची नाही. काकाही आभार मानायचे नाहीत. "लय गरम हाय," एवढंच.

तिची लेक मंजुषा माहेरी आली होती. ती दारातून ओरडली, "आई, ह्यांनीच बाबाच्या मयतीला कुणाला येऊ दिलं न्हाई. ध्यानात हाय का तुझ्या?"

"हाय की. म्हणून तर जरा जोरात चोळायलेय."

एकदा काका तिरसटले. म्हणाले, "दारुड्याच्या बायकोला काय कळतंय औषधातलं!" बाई पाय पुसून उठली. घरी आली आणि मला अंगणात असं आपटलं, की हा पोचा तेव्हाचा. ती चुलीपुढं बसून रडली, शिव्या दिल्या, प्रभूलाही दोन सुनावल्या. "तुमचं बरं हाय, तुमी एकदाच धुतले!"

सकाळी तिनं मला उलथं केलं, राख लावून घासलं आणि पाणी तापत ठेवलं.

मित्रांनो, मी चर्चमध्ये कितीतरी उपदेश ऐकले. पण त्या सकाळी चुलीला जाळ लागलेला पाहिला, तेवढं दुसऱ्या कशातून कळलं नाही.

जखम बरी झाली नाही. डॉक्टर पाय काढा म्हणाले, काका नको म्हणाले. विष वर चढत गेलं. शेवटी शेवटी एका दुपारी त्यांनी माझ्यात हात बुडवला आणि ओल्या बोटांनी सगुणाबाईच्या भेगाळलेल्या टाचेला शिवले.

"मयतीला यायला पायजे होतं मी."

"गप पडा, भाऊजी. पाणी सांडायलंय," ती म्हणाली. पण पाय मागं घेतला नाही.

काका गेले. मयतीला सगळी मंडळी आली. सेवाभावावर चांगली भाषणं झाली. सगुणाबाई मागं उभी होती, तिचं नाव कुणी घेतलं नाही. मला चर्चला परत दिलं, तर दोघातिघांनी नाक धरलं. आता तिथं स्टीलचं नवं घंगाळ आहे. मी सगुणाबाईच्या नळाखाली असतं. सध्या गल्लीतल्या एका अंथरुणावरच्या म्हातारीकडं जातं.

तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. मला चकचकीत ठेवू नका. पाय मळकेच घेऊन या. आणि गुरुवारी रांग संपली, आमटीचा वास सुटला, की जेवायला उठण्याआधी मागं वळून बघा. कुणाचा पाय राहिला असेल, तर जेवण थोडं निवू द्या.